यात्रेतील उपवास, अनवाणी चालणे आणि नित्याची औषधे

यात्रेला निघणाऱ्या घरात ओटीचे सामान, नैवेद्याचे साहित्य, सोवळ्याची वस्त्रे यांची जुळवाजुळव आठ दिवस आधीपासून चालते. औषधांची पिशवी मात्र पुष्कळदा गाडी सुटल्यावर आठवते. काही भाविक तर ती जाणूनबुजून घरी ठेवतात. देवाच्या दारी गोळी कशाला, अशी त्यामागे भावना असते. ही भावना आदरणीय आहे. तथापि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार हे यात्रेच्या दिवशीही शरीरात असतातच, आणि चढण, ऊन, जागरण व उपवास ही चारही एकाच दिवशी एकत्र आल्यास त्यांचा जोर वाढण्याचा संभव असतो.

देवीच्या ठिकाणी, विशेषतः नवरात्रात, घडू शकणारा एक प्रसंग येथे ध्यानात घ्यावा. साठीच्या एका मधुमेही मातेने पहाटे नेहमीची गोळी घेतली. दर्शनाशिवाय अन्न घ्यायचे नाही असा नेम असल्याने पोटात काहीच नाही. रांगेत तीन तास गेले. हातांना कंप सुटला, कपाळावर गार घाम आला, बोलणे असंबद्ध झाले, नजर शून्यात लागली. भोवतालच्या मंडळींनी हात जोडले, कुणी कुंकू लावले. बाईंच्या अंगात आले असा सर्वांचा समज झाला. वस्तुतः त्यांच्या रक्तातील साखर उतरली होती. ती 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली की हीच लक्षणे दिसतात. संचार की साखर, याचा वाद घालण्याची ती वेळ नव्हे. व्यक्ती मधुमेही आहे एवढे कळले तरी आधी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी आणि नंतर काही खाऊ घालावे. पेढा तत्परतेने पुढे केला जातो. परंतु त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. अशा वेळी साध्या साखरेचे पाणीच श्रेष्ठ. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे चालू असणाऱ्यांना मात्र साखरेऐवजी ग्लुकोजची पूड द्यावी लागते, कारण या औषधांमुळे साधी साखर लवकर पचत नाही. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तीर्थसुद्धा नाही. श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यास कुशीवर वळवावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांना, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांस तो सहसा नसतो. म्हणून उपवास धरावयाचा असल्यास त्या दिवशीची मात्रा किती व केव्हा घ्यावी, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने सर्व औषधे बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे. इन्सुलिन एकाएकी थांबविल्यास साखर भलतीच वाढून जिवावर बेतू शकते.

उपवासाचे दुसरे अंगही विसरू नये. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. सकाळी निरंकार राहून दुपारी ताटभर खिचडी व बटाट्याची भाजी घेतल्यास उतरलेली साखर एकदम वर चढते. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी, दही किंवा ताक, थोडे शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर असा फराळ थोडा थोडा करून घ्यावा. आजारी, गर्भवती व वृद्ध यांना व्रतनियमांत सवलत देण्याची आपली परंपरा जुनीच आहे. ती घेण्यात कमीपणा मानू नये.

रक्तदाबाच्या गोळीमुळे उपवास मोडत नाही. ती घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. लघवी वाढविणारी गोळी मात्र अनेकजण, त्यातही भगिनी, रांगेत प्रसाधनगृहाची सोय नसेल या धास्तीने टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. अडचण खरी आहे. पण यामुळे चक्कर येणे, मूत्रमार्गाला संसर्ग होणे असे त्रास मागे लागतात. गोळीची वेळ पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे आणि रांगेत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी सेवेकऱ्यांकडे करावी.

जेजुरीच्या पायऱ्या असोत वा अन्य गडांची चढण, चढताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप व गार घाम अशी लक्षणे दिसल्यास तेथेच बसावे. मधुमेही व स्त्रिया यांना कधी कधी छातीत न दुखताही झटका येतो. नुसती मळमळ व थकवा जाणवतो आणि ते पित्तावर ढकलले जाते. शेजारच्या यात्रेकरूची जिभेखाली ठेवण्याची गोळी मागून घेऊ नये, कारण रक्तदाब अकस्मात उतरू शकतो. सप्तशृंगगडावर 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉलीची सोय आहे. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी तिचा लाभ घेण्यास संकोच करू नये.

सर्वांत दुर्लक्षित राहतात ते पाय. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावते. चैत्र-वैशाखात तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घालताना इतरांना चटका बसतो व ते पाऊल उचलतात. यांना कळतच नाही. मुक्कामी परतल्यावर मोज्याला पाणी लागलेले दिसते, तेव्हा फोड फुटलेला असतो. अशी जखम चिघळल्यास बोट, प्रसंगी पाऊलही काढावे लागते. अशा भाविकांनी प्रदक्षिणा सूर्योदयाच्या सुमारास किंवा सायंकाळी करावी, जाड सुती मोजे घालता येतील का ते विचारावे, आणि रात्री आरसा धरून अथवा घरच्यांकडून तळवे व बोटांच्या बेचक्या तपासून घ्याव्यात. फोड दिसल्यास हळद, तंबाखू, चुना असे काही न लावता स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधावी व दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा.

इन्सुलिनची बाटली बसच्या टपावर किंवा मोटारीच्या काचेजवळ ठेवू नये. ती हातातील पिशवीत, उन्हापासून दूर असावी. प्रत्यक्ष बर्फात ठेवल्यास गोठून निकामी होते. खिशात एक चिठ्ठी असावी व तीवर नाव, आजार, चालू औषधे आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लिहावा. सोबत साखरेची पुडी ठेवावी.