वायरमनच्या हातात महिन्याला किती उरतं?

मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतो म्हणाला की येरमाळ्यातले आईवडील पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा. रास्त प्रश्न आहे. फक्त तो अर्धाच विचारला जातो. पगार किती, यापेक्षा घरी किती येतो, हे आधी बघायला हवं.

समजा, दोन वर्षांचा कोर्स संपवून पोरगा एखाद्या कारखान्यात लागला. पगार 20,000, त्यात मूळ वेतन 15,000. मूळ वेतनाच्या 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये पीएफला जातात. ईएसआय लागू असेल तर 150 आणि व्यवसाय कर 200. हातात 17,850. आयकर शून्य. 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर आयकर पडत नाही, त्यामुळे टॅक्सच्या भीतीने या धंद्याकडे पाठ फिरवण्याचं कारणच नाही. पीएफचे 1,800 कापले गेले तरी ते त्याचेच असतात आणि तेवढीच भर मालकही घालतो.

महावितरणची नोकरी हे अनेकांचं स्वप्न. 2023च्या अखेरीस विद्युत सहाय्यकाच्या 5,347 जागा निघाल्या, तेव्हा मानधन पहिल्या वर्षी 15,000, दुसऱ्या वर्षी 16,000 आणि तिसऱ्या वर्षी 17,000 होतं. जुलै 2024 मध्ये सहाय्यकांना 5,000 रुपयांची वाढ जाहीर झाली. तीन वर्षं नीट गेली की तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी मिळते. पण स्पर्धा मोठी असते, आणि जाहिरात दरवर्षी निघेलच असं नाही.

मग गावातच काम करणाऱ्याचं काय? येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. धाबे, दुकानं, नवी घरं, शेतातल्या मोटारी, सौर पंप, परिसरातल्या माळावरच्या पवनचक्क्या. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते तेव्हा दिवाबत्तीचं काम वेगळंच. कामाला तोटा नाही. मात्र हिशेब फसवा असतो. महिन्याला 60,000 रुपये जमा झाले असं धरू. त्यातले 25,000 वायर, स्विच, पाइपचे, ते दुकानदाराचे. मदतनिसाला 9,000, पेट्रोल 4,000, अवजारं आणि मोबाइल 2,000. उरले 20,000. त्यातही काही शेतकऱ्यांकडची उधारी सोयाबीन विकल्यावरच सुटते. पीएफ नाही, सुट्टीचा पगार नाही, आणि पावसाळ्यात काम थंडावतं.

या माणसालाही आयकर लागत नाही. व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 रुपये भरावे लागतात. वर्षाची सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तरीही दरवर्षी रिटर्न भरावं, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. दुकानासाठी किंवा गाडीसाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक सगळ्यात आधी रिटर्नच मागते, आणि दहा वर्षं राबलेल्या माणसाकडे दाखवायला कागद नसतो.

कमाईत खरा फरक पडतो तो परवान्यामुळे. आयटीआयनंतर शिकाऊ उमेदवारी करावी, तारतंत्री परवाना आणि अनुभव जमला की पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र काढावं. पुढे ठेकेदारीचा परवाना मिळाला की कारखान्याची, सरकारी इमारतीची, सौर प्रकल्पाची कामं स्वतःच्या नावावर घेता येतात. परवाना नसेल तर दुसऱ्याच्या नावाखाली रोजाने राबावं लागतं.

एका गोष्टीला मात्र पालकांनी ठाम नकार द्यावा. गावोगाव ‘झिरो लाइनमन’ म्हणून पोरं खांबावर चढतात. फ्यूज टाकून देण्याचे चार पैसे मिळतात. पण कंपनीच्या हजेरीपटावर नाव नसल्याने अपघात झाला तर भरपाईसाठी कुटुंबाला दारोदार फिरावं लागतं. स्वतंत्र काम करणाऱ्यानेही निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये भरावेत. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाखांचं संरक्षण मिळतं. बँकेत खातं असेल तर हे काम एका फॉर्मवर होतं.