रुखवतातला पोळपाट

"मामा, तुमच्या पोळपाटावर पोळी मध्ये जाड नि कडेला पातळ होते," असा भाचीचा फोन आला, तेव्हा मी तिच्या लाटण्याला दोष दिला. दोष माझ्या घाईचा होता.

मार्चच्या अवकाळी वादळात अंगणातला आंबा उन्मळून पडला. महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवलं, खोड आरामशीनवर नेऊन दीड इंची फळ्या पाडल्या आणि गच्चीवर टाकल्या. मे महिन्यात भाचीचं लग्न. नागपूरच्या उन्हात कुरडया दोन दिवसांत कडक होतात, मग फळ्यांना दोन महिने पुष्कळ, असा माझा हिशेब. ओळखीच्या सुताराने फळीवर टकटक केलं. "भाऊ, वरून वाळली, आतून ओलीच हाये." मी हसण्यावारी नेलं.

रुखवतात पोळपाटाचं कौतुक झालं. पण आतली ओल नंतर निघत राहिली. लाकूड वलयांच्या कडेकडेने जेवढं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. म्हणून पोळपाट मध्ये खोलगट झाला. दिवाळीत त्याखाली पिठासारखी पूड दिसू लागली. भाचीला वाटलं कणीक. ती लाकडातल्या किड्याची होती.

तेव्हा आता माझं ऐका. फळ्या उन्हात नको, सावलीत वारा खेळेल अशा ठेवा. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, वर वजन ठेवा. टोकांना पहिल्याच दिवशी ऑइलपेंट लावा, कारण ओल तिथूनच झपाट्याने निघते आणि चिरा पडतात. इंचभर जाडीला साधारण वर्ष धरा. एक फळी दर महिन्याला तोलून वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात काटा पुन्हा चढेल, घाबरू नका. उन्हाळ्यात लागोपाठ दोन महिने वजन हललं नाही, की रंधा काढा. आंब्याला कीड फार, त्यामुळे शेल्फसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी मारा. स्वयंपाकाच्या वस्तूंसाठी मात्र सागाचा गाभाच घ्या, कडेचं पांढरं लाकूड काढून टाका.

जुन्या लाकडाची खोड वेगळी. नागपूरच्या महाल भागातल्या एका पाडलेल्या वाड्याची सागवानी तुळई मी आणली आणि थेट इलेक्ट्रिक रंध्याखाली घातली. आत डोकं तुटलेला खिळा होता. पातं गेलं, तुकडा चष्म्यावर आदळला. चष्मा होता म्हणून हे लिहितोय. आता मी आधी जुन्या स्पीकरचं चुंबक सगळीकडून फिरवतो. पितळी खिळा त्यालाही सापडत नाही, म्हणून काळे डाग नि भोकं नजरेने तपासतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, ओला करून, मास्क लावून खरवडा. आणि भंगारात स्वस्त मिळाले तरी रेल्वेचे लाकडी स्लीपर घरात आणू नका; ते क्रिओसोटमध्ये मुरवलेले असू शकतात. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून डिंक लावण्याआधी जोड थिनरने पुसून घ्या.

त्या तुळईच्या गाभ्यातून एक फळी चिरली आणि पंधरा दिवस घरातच राहू दिली. मग सुताराला बोलावलं. त्याने टकटक केलं, काही बोलला नाही. माझ्या हातातला रंधा घेऊन स्वतःच कामाला लागला.