टॉर्चच्या उजेडात वीरगळ

प्रश्न : आमच्या देवळाजवळच्या वीरगळाचे फोटो सपाट येतात. झिजलेले कोरीवकाम कसे टिपावे?

उत्तर : समोरून पडणारा फ्लॅश सावल्या पुसून टाकतो आणि कोरीवकामाला उठाव येतो तो सावल्यांमुळेच. अंधार पडल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. टॉर्चच्या उजेडात फोकस साधून तो मॅन्युअलवर ठेवा. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८, शटर २० ते ३० सेकंद. शटर उघडल्यावर बाजूला उभे राहून झोत दगडाला जवळजवळ समांतर धरा आणि सावकाश फिरवत राहा. हात थांबला की तिथे पांढरा डाग उमटतो. टॉर्चचे तोंड लेन्सकडे वळू देऊ नका. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून टिपा. पुसट आकृत्या उमटू लागतील. दगडाला खडू, तेल, पावडर मात्र कधीही लावू नका.