आधी आवाज उतरवा, मग बॅटरी काढा

जुन्या सिंथेसायझरच्या आतली बॅटरी बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न सेलचा येतो: कोणता लागतो, कुठे मिळतो, केवढ्याला पडतो. मला हा प्रश्न दुय्यम वाटतो. बहुतेक यंत्रांत तो सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा, तीन व्होल्टचा चपटा लिथियम सेल. संगणकाच्या मदरबोर्डवरही तोच बसतो. शहापूरच्या काय किंवा मुरबाडच्या काय, बाजारपेठेत शोधला तर तो मिळून जातो. बाजारात मिळत नाही ते त्या सेलने धरून ठेवलेलं काम. हळदीच्या रात्रीसाठी बसवलेला सनईचा टोन, बेंजोच्या सुराला साथ देईल असा आवाज, डाव्या हाताला बास आणि उजव्या हाताला क्लॅरोनेट अशी की-बोर्डची वाटणी, एकेका गाण्यासाठी नंबर लावून ठेवलेली सेटिंग्ज. हे कंपनीने दिलेलं नसतं. वाजवणाऱ्याने कानाने घडवलेलं असतं. सेल गेला की ते सगळं जातं आणि सेल नवा घातल्याने परत येत नाही. म्हणून या दुरुस्तीचा क्रम सेलभोवती न लावता त्या आवाजांभोवती लावावा, असं माझं ठाम म्हणणं आहे.

हे यंत्र विसरतं कसं, ते आधी समजून घ्यावं. जुन्या सिंथेसायझरमध्ये वापरणाऱ्याचे आवाज ज्या चिपमध्ये राहत, तिला सतत थोडीशी वीज लागते. की-बोर्ड चालू असताना ती मुख्य पुरवठ्यातून मिळते आणि बंद असताना या सेलमधून. १९८० साली आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्रात स्मृती टिकवण्यासाठी तीन पेन्सिल सेल घालायची सोय होती. ते बदलायला कारागीर लागत नसे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची जी सिंथेसायझरवरची तबकडी ध्वनिमुद्रित केली, तिच्यात हेच यंत्र वाजलं आहे. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर आला. त्यात ३२ आवाज साठवता येत. पण सेल पोटात गेला आणि सर्किट बोर्डावर सोल्डर झाला. १९८७ च्या रोलँड डी-५० मध्येही सेल पोटातच होता. लिथियम सेल वर्षानुवर्षं टिकतो, मग तो हाताशी कशाला ठेवायचा, असा हिशेब असावा. त्या काळी तो चुकीचाही नव्हता. पण त्याचा परिणाम असा झाला की आत सेल आहे हेच पुष्कळ वाजवणाऱ्यांना माहीत राहिलं नाही. यंत्र दुसऱ्या, तिसऱ्या हाती गेलं, माहितीपुस्तिका पहिल्याच मालकाकडे राहिली, आणि सेलचं वय कुणी मोजलं नाही.

ते वय किती असू शकतं? सीआर २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलीअँपियर-तास असते. चिप दोन मायक्रोअँपियर खात असेल तर कागदावर सेल साडेबारा वर्षं पुरतो. एकच खात असेल तर पंचवीस वर्षं. कागदावरचा हा आकडा गारव्यातला आहे. उष्णतेत चिपमधून गळणारी वीजही वाढते आणि सेल आपोआपही जास्त झिजतो. वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद टेम्पोत ठेवलेल्या की-बोर्डला तो आकडा लावून चालणार नाही. आणखी एक गोष्ट शहापूर आणि मुरबाड या आपल्या दोन तालुक्यांतल्या वाजवणाऱ्यांच्या कामाच्या वर्षाशी जोडलेली आहे. तुळशीचं लग्न झालं की हंगाम सुरू होतो. मध्ये पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा, मग माघापासून पुन्हा लग्नं आणि हळदी थेट ज्येष्ठापर्यंत. नंतर पाऊस. माहुली आणि माळशेजच्या अंगाला तो चार महिने कोसळतो, आणि पुष्कळ यंत्रं पेटीत बंद होतात. नेमक्या याच काळात आवाजांचा सगळा भार एकट्या सेलवर येतो. सेल पावसाळ्यात मरतो आणि त्याची खबर लागते गणपतीच्या आदल्या दिवशी. म्हणून हे काम मृग लागायच्या आत करावं. तेव्हा हवा अजून कोरडी असते आणि यंत्र अजून बोलत असतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो मीटर घेऊन: सेल २.९ व्होल्ट दाखवतोय, मग बदलायचा कशाला? हा आक्षेप ऐकायला शास्त्रीय वाटतो, पण लिथियम सेलच्या स्वभावाकडे त्यात दुर्लक्ष होतं. या सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो आणि अगदी शेवटी कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो. पेट्रोलच्या काट्यासारखा तो हळूहळू खाली येत नाही. त्यामुळे २.९ या आकड्यावरून सेलमध्ये आठ वर्षं उरलीत की आठ आठवडे, हे कळत नाही. अडीचच्या खाली गेलेला सेल मात्र आजच्या आज बदलायचा, एवढं मीटर नक्की सांगतो. डीएक्स-७ मध्ये फंक्शनच्या १४ नंबरच्या बटणावर व्होल्टेज पडद्यावरच दिसतो, आणि नंतरच्या पुष्कळ यंत्रांत चालू करताना बॅटरी उतरल्याची सूचना येते. त्या सूचनेची वाट पाहू नये. शेवटचा सेल कधी घातला हे माहीत नसेल तर तो म्हातारा झाला आहे असं धरूनच चालावं.

आता मुख्य काम, आवाज उतरवण्याचं. ज्या यंत्रांना मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांशी आणि संगणकाशी जोडण्याची सोय आहे, त्यांतल्या बहुतेकांना आपली स्मृती मिडीच्या तारेतून बाहेर पाठवता येते. याला सिस्टिम एक्सक्लुझिव्ह डंप म्हणतात, बोलताना सिसेक्स. लॅपटॉप, यूएसबी-मिडी इंटरफेस आणि सिसेक्स घेणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. डीएक्स-७ चे सगळे ३२ आवाज मिळून ४१०४ बाइट होतात. मिडीच्या वेगाने ते जायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. अनेक वर्षांची मेहनत वाचवायला एवढा वेळ पुरतो आणि तरीही ते होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एक सावधगिरी मात्र हवी. अगदी स्वस्त मिळणाऱ्या यूएसबी-मिडी तारांतून सूर नीट जातात, पण लांब डंप मध्येच तुटतो, आणि फाइल तयार झालेली दिसत असल्याने आपण निर्धास्त होतो. म्हणून तोच डंप दोनदा घ्यावा, दोन्ही फाइलींचा आकार आणि मजकूर सारखा आहे का ते तपासावं, आणि जुना सेल जिवंत असतानाच तो डंप परत यंत्रात भरून पाहावा. त्याआधी महत्त्वाच्या आवाजांचे पडद्यावरचे आकडे मोबाइलने टिपून ठेवावेत, म्हणजे परत भरण्यात काही चुकलंच तरी हात रिकामे राहणार नाहीत. परत भरून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच.

काहींचं म्हणणं असतं की आमचे आवाज कार्डावर किंवा फ्लॉपीवर आहेत, आम्हाला लॅपटॉपची गरज नाही. कार्डावर लिहिता येत असेल, म्हणजे ते रॅम कार्ड असेल, तर त्याच्या आतही असाच एक छोटा सेल असतो आणि तोही तितकाच जुना असतो. फ्लॉपीला सेल लागत नाही, पण आपल्या दमट हवेत तिच्या तबकडीला बुरशी येते. लॅपटॉप अजिबात हाताशी नसेल तर फोटोंवरच भागवावं. डीएक्स-७ च्या एका आवाजात दीडशेच्या आसपास आकडे असतात. सगळे ३२ टिपणं जिकिरीचं आहे, पण रोज वाजणारे आवाज कितीसे असतात? सात-आठ. एका दुपारचं काम आहे.

दुसरा आक्षेप जास्त धोक्याचा आहे: की-बोर्ड चालू ठेवूनच सेल बदलला तर आवाज जातच नाहीत, मग हा खटाटोप हवा कशाला? तत्त्वतः खरं आहे. पण या जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांच्या पोटातच वीजपुरवठ्याचा भाग असतो, म्हणजे उघड्या यंत्रात हाताजवळ २३० व्होल्ट जिवंत असतात. ते बाजूला ठेवलं तरी चालू बोर्डावर सोल्डरिंगचं टोक जरा घसरलं तर आवाजांबरोबर चिपही जाते. बंद यंत्रात दुसरा सेल तात्पुरता समांतर जोडून जुना काढणारे निष्णात कारागीर आहेत, आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण त्या हातालाही उतरवलेल्या प्रतीचा आधार लागतोच. प्रत जवळ असेल तर ही सर्कस करायचं कारणच उरत नाही. प्लग काढावा, तासभर थांबावं, मगच स्क्रू काढावेत. यंत्र उलटं ठेवताना पट्ट्यांवर आणि पुढच्या बटणांवर वजन येऊ नये म्हणून खाली उशा घ्याव्यात, लांब-आखूड स्क्रू वेगळ्या वाट्यांत ठेवावेत, आणि प्रत्येक तार काढण्याआधी तिचा फोटो घ्यावा.

हे काम जवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने करावं का? का नाही? त्याचा हात सोल्डरिंगला बसलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत जायचं तर आसनगावहून लोकल तरी आहे, मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. मात्र त्याच्याशी दोन गोष्टी आधी बोलून घ्याव्यात. साध्या गुळगुळीत सेलवर थेट सोल्डर करायचं नाही. त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो, फुटूही शकतो. कारखान्यात पट्ट्या जोडून आलेला सेल घ्यावा, नाहीतर होल्डर बसवावा. आणि चार्ज होणारा सेल त्या जागी घालायचा नाही. एलआयआर २०३२ मापाने तसाच दिसतो, पण पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो, आणि या सर्किटमध्ये तो भरायची सोयही नसते. जुन्या बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा नाजूक झालेल्या असतात, तेव्हा जुना सेल ओढून काढू नये. आधी त्याच्या पट्ट्या कापाव्यात आणि उरलेली टोकं सावकाश तापवून काढावीत. धन आणि ऋण बाजू बोर्डावर छापलेली असते, तिचाही फोटो आधी घ्यावा.

होल्डरबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. टेम्पोत, कच्च्या रस्त्यावर, सेल होल्डरमध्ये हलतो आणि क्षणभर संपर्क तुटला तरी स्मृती जाते, असं एका बाजूचं म्हणणं. दमट हवेत होल्डरच्या पातीवर गंज चढतो हीदेखील तक्रार असते. दोन्ही खऱ्या आहेत. तरीही मी होल्डरच्या बाजूने आहे, कारण पुढच्या वेळी सोल्डरिंग करावं लागत नाही आणि बोर्ड पुन्हा तापत नाही. सेल घट्ट पकडणारा धातूच्या पातीचा होल्डर घ्यावा, प्लॅस्टिकचा सैल नको, आणि आवाजांची प्रत घरात असावी, मग धक्क्याची भीती फारशी राहत नाही. रोजच प्रवास करणाऱ्या यंत्रासाठी पट्ट्यांचा सेल सोल्डर करून घेणाराही चुकत नाही.

एका जातीच्या यंत्रांबाबत मात्र थांबून पाहण्याची मुभा नाही. लिथियमच्या आधी काही कंपन्या बोर्डावर निकेल-कॅडमियमची चार्ज होणारी बॅटरी लावत. १९८१ चा कॉर्ग पॉलिसिक्स त्यातला सर्वांत परिचित. ही बॅटरी म्हातारी झाली की तिच्यातून क्षार झिरपतो आणि तांब्याच्या रेषा खात जातो. दमट हवेत हे आणखी लवकर पसरतं. तिथे फक्त आवाजच नव्हे, अख्खा बोर्ड जातो. असं यंत्र जवळ असेल तर ते आजच उघडून बॅटरीभोवती हिरवी-पांढरी भुकटी दिसते का ते पाहावं, आणि दिसली तर सफाई जाणत्या कारागिराकडून करून घ्यावी.

नवा सेल बसल्यावर पडद्यावर अगम्य अक्षरं दिसली किंवा भलतेच आवाज आले तर घाबरू नये; रिकामी स्मृती असंच वागते. माहितीपुस्तिकेतल्या पद्धतीने यंत्र मूळ स्थितीत आणावं, मग उतरवलेली प्रत भरावी. डीएक्स-७ सारख्या यंत्रांत कंपनीचे मूळ आवाज वेगळ्या कार्ट्रिजवर येत असत, त्यामुळे तेही फाइलीतूनच भरावे लागतात. त्यानंतर यंत्र बंद करून एक रात्र ठेवावं. सकाळी आवाज जागेवर असतील तरच काम पूर्ण झालं असं समजावं. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्याकडेच द्यावा. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तेव्हा घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं असतं.

शेवटचा आक्षेप असा की आजच्या बहुतेक की-बोर्डमध्ये आवाज फ्लॅश स्मृतीत राहतात, त्यासाठी सेल लागतच नाही, मग जुनं यंत्र सांभाळायचंच का? नवं घेणाऱ्याला माझा विरोध नाही. पण जुन्या यंत्रावर घडवलेला टोन नव्या यंत्रात जसाच्या तसा उतरत नाही, आणि तालुक्यातल्या वाजवणाऱ्या पार्टीची ओळख कधीकधी त्या एका टोनवर असते. शिवाय फ्लॅशवाल्या यंत्राचा बोर्ड जळाला तर आवाज तिथूनही जातातच. प्रत त्यालाही हवी. तेव्हा तुमच्याकडे जुना की-बोर्ड असेल तर यंदा पेटीत घालण्याआधी त्याची एक प्रत उतरवा, तीच प्रत पार्टीतल्या दुसऱ्या एका सोबत्याकडेही ठेवा, आणि सेल बदलल्याची तारीख यंत्राच्या खालच्या पत्र्यावर चिठ्ठी चिकटवून लिहा.