दोष बॅटरीचा नव्हताच!

मित्रांनो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. आकडे मात्र दोनदा तपासले आहेत.

मे महिन्यातलं नागपूर. आमची २०१८ ची गाडी रोज सकाळी कण्हत कण्हत सुरू व्हायची. बाबांनी वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. मग मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, अल्टरनेटरच गेला, नवा टाका." त्याच महिन्यात माझी फी भरायची होती. मी म्हटलं, "बाबा, मला फक्त रविवार द्या."

बीएस-४ कारना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टीअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट असतो. त्यात मित्राचा स्कॅनर लावला. व्होल्टेज कमी पडल्यास पी०५६२ आणि जास्त झाल्यास पी०५६३ हा कोड येतो. आमच्याकडे एकही कोड नाही! आता काय?

मग क्रमाने टेस्ट घेतल्या. तुम्हीही घेऊ शकता.

१) गाडी रात्रभर बंद ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. आमची १२.२.

२) इंजिन सुरू करा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. (काही नव्या गाड्यांत ईसीयू स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे मॅन्युअल बघा.)

३) हेडलाइट, ब्लोअर, एसी सगळं लावून इंजिन २००० आरपीएमवर ठेवा. स्कॅनरवरचं 'कंट्रोल मॉड्यूल व्होल्टेज' १४.१ होतं, पण बॅटरीच्या टर्मिनलवर फक्त १३.४!

म्हणजे अल्टरनेटर ठीक होता. ०.७ व्होल्ट वाटेतच गळत होते.

४) लोड तसाच ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. फरक ०.२ च्या आत हवा. आमचा ०.६! इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. ईसीयूची अर्थिंग इंजिनवरच, म्हणून त्याला सगळं नॉर्मल दिसत होतं आणि कोड येत नव्हता. स्टार्टरचा जबर करंटही त्याच पट्टीतून जातो, म्हणून ते कण्हणं.

पट्टी काढली, पॉलिश पेपरने घासली, बोल्ट घट्ट केला. फरक ०.१ वर आला. बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज केली. दुसऱ्या दिवशी गाडी एका चावीत सुरू!

बाबा काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी फीचे पैसे माझ्या टेबलावर ठेवले.

स्कॅनर खोटं बोलत नाही, पण तो फक्त ईसीयूला दिसतं तेवढंच सांगतो. बाकीचं आपणच मोजायचं असतं!