माहिती नाकारली, तर अपील करावे

शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे अडला, हे माहिती अधिकारात विचारणाऱ्या विद्यार्थ्याला कधी कधी एका ओळीचे पत्र येते: 'माहिती देता येत नाही.' आपले पुष्कळ बंधू-भगिनी येथेच थांबतात. वास्तविक अपिलाचा आधार तेच पत्र असते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय प्राधिकाऱ्याचा तपशील जन माहिती अधिकाऱ्याने कळविलाच पाहिजे. नुसता 'गोपनीय' हा शेरा आम्ही कारण मानत नाही. कोणत्या कलमाखाली नाकारले, हे अपिलात स्पष्ट विचारावे. ३० दिवसांत उत्तरच न आल्यास तोही नकारच समजला जातो.

नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करावे. महाराष्ट्रात त्याचा नमुना जोडपत्र 'ब' हा असून शुल्क २० रुपये आहे. मूळ अर्जाची व पत्राची प्रत जोडावी, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नये! अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे, विद्यार्थ्यावर नव्हे. हे फार थोड्यांना ठाऊक असते. निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण देऊन फार तर ४५ दिवसांत द्यावा लागतो. तेथेही नकार आला, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील करता येते.