हुमणीचे नियंत्रण : वळवाच्या पहिल्या सरीनंतरचे पंधरा दिवस

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास हिरवागार ऊस अचानक पिवळा पडू लागतो, पाने सुकतात आणि हाताने ओढताच अख्खे बेट उपटून येते. मुळे कुरतडून फस्त झालेली असतात. भुईमुगाच्या शेतात ओळीच्या ओळी वाळतात. शाळेच्या क्रीडांगणावरील हरळीत तपकिरी चट्टे पडतात आणि तेथील गवताचा थर सतरंजी गुंडाळावी तसा सहज सुटून येतो. या सर्व नुकसानीचे कारण बहुधा एकच असते. ते म्हणजे जमिनीत राहून मुळांवर उपजीविका करणारी हुमणी ही अळी होय.

परंतु नुकसान दिसू लागते, तेव्हा उपायाची उत्तम वेळ टळून गेलेली असते. ही वेळ त्यापूर्वी दोन-तीन महिने, म्हणजे वळवाच्या पावसानंतर येते. त्या काळात कीड जमिनीबाहेर असते व हाताने पकडता येते. म्हणूनच हुमणीचा प्रश्न औषधाइतकाच गावाच्या पूर्वतयारीचा आहे.

किडीचा जीवनक्रम

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी आहे. तिचा रंग पांढुरका, डोके तपकिरी व शरीर इंग्रजी 'सी' अक्षराप्रमाणे वाकलेले असते. महाराष्ट्रात प्रामुख्याने आढळणाऱ्या होलोट्रायकिया सेराटा या जातीची वर्षातून एकच पिढी होते. मे-जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडून जमीन ओली झाली की, सुप्तावस्थेत असलेले भुंगेरे संध्याकाळी अंधार पडताच जमिनीतून बाहेर येतात. कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर ते जमतात, तेथे पाला खातात व त्यांचे मीलन होते. पहाटेपूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात.

मादी जमिनीत एकेक करून सुमारे ५० ते ६० अंडी घालते. साधारणतः दोन आठवड्यांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. आरंभी त्या सेंद्रिय पदार्थांवर व कोवळ्या तंतुमुळांवर जगतात. अळीच्या एकूण तीन अवस्था असून तिसरी अवस्था सर्वांत दीर्घ व सर्वांत खादाड असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारे मोठे नुकसान याच अवस्थेचे असते. पुढे अळी जमिनीत खोल जाऊन कोष करते. कोषातून निघालेला भुंगेरा पुढील वळवाची वाट पाहत जमिनीतच राहतो.

या क्रमातून एक साधा हिशेब निघतो. अंडी घालण्यापूर्वी १०० माद्या पकडल्या, तर सुमारे ५,००० ते ६,००० अंडी टळतात. तेवढ्या अळ्या जमिनीत शोधून मारणे कोणाही शेतकऱ्याला शक्य नाही.

एकट्याचा उपाय अपुरा का ?

भुंगेरे बांध ओळखत नाहीत. एका शेतकऱ्याने आपल्या बांधावरील कडुनिंबाचे भुंगेरे वेचले आणि शेजारच्या बाभळीवरचे तसेच राहिले, तर त्यांची अंडी दोघांच्याही शेतात पडू शकतात. गायरान, ओढ्याकाठची जमीन, रस्त्याकडेची झाडे व शाळेचे मैदान ही तर कोणा एकाच्या मालकीची नसतात. म्हणून या कामी ग्रामपंचायतीने पुढाकार घेणे अगत्याचे आहे.

सामूहिक मोहिमेची आखणी

एप्रिलमध्येच गावातील कडुनिंब, बाभूळ व बोर या झाडांची वाडीवार यादी करावी. मागील वर्षी कोणत्या शेतांत उपद्रव झाला, याची नोंद त्याच यादीस जोडावी. हे काम शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी दिवसा चांगल्या प्रकारे करू शकतात. किडीचा जीवनक्रम समजून घेण्याची ती उत्तम संधी ठरते.

पहिला चांगला पाऊस पडताच त्याच संध्याकाळपासून प्रौढ स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी कामास लागावे. झाडाखाली कापड अंथरून फांद्या काठीने हलवाव्यात. खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. रॉकेल हाताळण्याचे व रात्री हिंडण्याचे काम मुलांकडे देऊ नये. मोहीम एका रात्रीत संपत नाही. भुंगेरे पुढेही अनेक दिवस निघत राहतात. त्यामुळे निदान पंधरा दिवस हा क्रम चालू ठेवावा. गोळा केलेल्या भुंगेऱ्यांवर वजनानुसार अल्प मोबदला देता आल्यास सहभाग वाढतो.

विजेच्या दिव्याखाली रॉकेलमिश्रित पाण्याचे पसरट भांडे ठेवून केलेला प्रकाश सापळा यास पूरक ठरतो. तो सूर्यास्तानंतरच्या पहिल्या काही तासांतच लावावा, म्हणजे इतर उपयुक्त कीटकांची हानी कमी होते.

नदीकाठच्या जमिनींत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा ही दुसरी जात आढळते. तिचे भुंगेरे पाला खाण्यासाठी झाडांवर फारसे जमत नाहीत. अशा गावांनी केवळ झाडांवर विसंबून न राहता मशागत व अळ्यांच्या नियंत्रणावर अधिक भर द्यावा.

जमिनीतील उपाय

पीक निघाल्यावर व उन्हाळ्यात खोल नांगरट केल्यास अळ्या, कोष व भुंगेरे उघडे पडतात. कावळे, साळुंक्या व बगळे नांगरामागे येऊन त्यांचा फडशा पाडतात. नांगरामागून चालत अळ्या वेचणेही उपयुक्त असते. ज्या उसात उपद्रव तीव्र होता, तेथे खोडवा राखणे टाळावे व पिकाची फेरपालट करावी.

शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. उकिरड्यात दिसणारी प्रत्येक मोठी पांढरी अळी मात्र हुमणी नसते. तेथे बहुधा गेंड्या भुंग्याच्या अळ्या असतात व त्या कुजक्या पदार्थांवर जगतात. हा भेद ओळखल्यास अकारण खर्च टळतो. उभ्या पिकाची मुळे जेथे कुरतडली जात असतील, तेथेच खणून खात्री करावी.

पावसाळ्याच्या प्रारंभी, अळ्या लहान असताना, मेटारायझियम ॲनिसोप्ली ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलसर जमिनीत द्यावी. बुरशी अळीच्या शरीरावर वाढून तिला रोगग्रस्त करते. ओलावा नसेल तर तिचा परिणाम होत नाही, म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे आहे. मैदानावरील हरळीसही हाच उपाय इष्ट होय, कारण तेथे मुले खेळतात.

रासायनिक औषधांविषयी सावधगिरी

एकेकाळी हुमणीसाठी बी.एच.सी. भुकटीचा सर्रास वापर होत असे. या औषधावर भारतात १९९७ पासून बंदी आहे. त्यानंतर बराच काळ प्रचलित असलेले फोरेट हे अतिविषारी दाणेदार औषधही २०२० च्या अखेरीस बंद झाले. तेव्हा जुन्या सवयीने किंवा ऐकीव माहितीवर औषध न आणता कृषी सहायक अथवा कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणेच निवड करावी. घरात उरलेली जुनी पाकिटे वापरू नयेत.

हुमणीच्या नियंत्रणास लागणारी साधने प्रत्येक गावात आहेत : कापड, काठी, भांडे आणि माणसे. वळवाचा पहिला पाऊस कधी येईल, हे कोणाच्या हाती नाही; परंतु तो येईल त्या संध्याकाळी गाव तयार असणे हे ग्रामपंचायतीच्या हाती निश्चितच आहे. एप्रिलच्या ग्रामपंचायत सभेत हा विषय घेऊन झाडांची यादी व तुकड्यांची नेमणूक झाली, तर मोहिमेचे निम्मे काम तेथेच होईल.